कच्ची फाइल

"समिधा, ती कच्ची फाइल आजच्या आज उडवून टाक," आठल्ये सर म्हणाले आणि मी माउस असा गच्च धरला, की जणू तो माझ्या हातातून सुटून थेट खाडीत उडी मारणार होता.

"पण सर..."

"पण नाही नि बिण नाही. उद्या अकरा वाजता किणीकर मॅडम येतायत. त्यांच्यापुढे हे ठेवायचं? हे बघ, हे!"

सरांचं बोट पडद्यावरच्या रेघेवर आपटत होतं. ती रेघ म्हणजे आमच्या कोंडखोलच्या खाडीची खोली. सप्टेंबर ते एप्रिल, दर महिन्याची, पाच जागांची सरासरी काढून. आणि खरं सांगते, रेघ दिसत होती अगदी दात पडलेल्या कंगव्यासारखी. सप्टेंबर-ऑक्टोबरात खाडी उथळ. नोव्हेंबरात एकदम खोल. डिसेंबरात पुन्हा उथळ. जानेवारीत खोल, फेब्रुवारीत उथळ, मार्चमध्ये खोल, एप्रिलमध्ये परत उथळ.

"खाडी आहे की लोहाराचा भाता?" सर म्हणाले. "फुगतेय काय, बसतेय काय!"

मागच्या बाकावरून प्रणित भाटकर खिदळला. शगुफ्ता होडेकरने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मला मात्र हसूही येईना आणि रडूही येईना.

आता मी दहावीत आहे. हे आठवीतलं. त्या वर्षी रत्नागिरीच्या कॉलेजातल्या किणीकर मॅडमनी किनाऱ्यावरच्या आठ शाळांना एक काम दिलं होतं. आपापल्या खाडीची खोली दर महिन्याला मोजायची, ठरलेल्या पाच जागी, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, पाणी पूर्ण उतरल्यावर. खाड्या गाळाने भरत चालल्यात असं सगळेच म्हणतात. आमच्या वाडीत तर शेंबडं पोरही सांगेल, की ओहोटीला काठाकाठाने होड्या घासायला लागल्यात. पण म्हणणं वेगळं आणि मोजून ठेवणं वेगळं. मॅडमना मोजलेलं हवं होतं. आठही शाळांची माहिती तपासून त्या इंटरनेटवरच्या एका सामायिक कोठारात ठेवणार होत्या. कोणीही यावं, उघडावं, वापरावं. फुकट. ज्या शाळेची माहिती भरवशाची नसेल, तिची फाइल मात्र कोठारात जाणार नव्हती.

आमच्या गटात आम्ही तिघं. प्रणित म्हणजे वर्गातला माड. शगुफ्ता त्याच्या खांद्याच्याही खाली, पण होडीत अशी चालते, जशी मी स्वयंपाकघरात चालते. आणि मी, समिधा पालशेतकर, खारव्याची पोर, जिचे वडील, काका, आजोबा सगळे दर्यावर, आणि जी होडीत पाय ठेवला की पाच मिनिटांत ओकते. आता सांगताना मजा वाटते. तेव्हा वाटत नसे. वाडीत मला 'बोंबलाचं पोट' म्हणायचे. पहिल्याच फेरीत मी प्रणितच्या नव्या सँडलवर ओकले, तेव्हा सरांनी मला किनाऱ्यावर उतरवलं आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटर सांभाळ."

म्हणजे थोडक्यात, तू नकोस.

पण मी सांभाळला! असा सांभाळला, की काय सांगू. होडी परत आली, की ओल्या अंगाने दोघं आकडे ओरडायची आणि मी टिपून घ्यायचे. संध्याकाळी शाळेच्या कॉम्प्युटरवर, मग पेन ड्राइव्हवर, मग पप्पांच्या मोबाइलवरून स्वतःलाच मेल. तीन जागी. फाइलचं नाव म्हणजे महिना आणि वर्ष, 'नवीन', 'नवीन २', 'एकदम शेवटची' असली नावं नाहीत. आणि फाइली दोन. जे आकडे होडीतून आले, जसेच्या तसे, ती कच्ची. त्यावरून हिशोब करून मीटरमध्ये आणलेले, देखणे, ती पक्की. कच्चीत एकदा लिहिलेलं मी परत कधी बदलत नसे.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या अंगणात मासळी सुकते. आई प्रत्येक दिवसाचा माल वेगळ्या चटईवर घालते आणि कोपऱ्याला चिंधी बांधते. सोमवारची निळी, मंगळवारची लाल. मी लहानपणी एकदा दोन दिवसांचा जवळा एकत्र करून ठेवला, तर तिने मला तिथेच उभं करून सांगितलं होतं, "उद्या वास आला तर कुठला टाकू आणि कुठला ठेवू? सगळाच टाकायचा?"

तर, सर म्हणत होते ते असं. नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च या तीन महिन्यांचे आकडे उघड उघड चुकलेत. ते काढायचे. त्यांच्या जागी आजूबाजूच्या महिन्यांच्या मधले आकडे घालायचे. रेघ सरळ होते, खाडी हळूहळू भरताना दिसते, जी भरतेय हे सगळ्या गावाला माहीतच आहे. आणि कच्ची फाइल उडवायची, म्हणजे प्रश्नच नको.

"सर, पण ती लबाडी नाही का?" मी विचारलं. माझा आवाज एवढा बारीक आला, की माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

"लबाडी कसली? दुरुस्ती!" सर म्हणाले. सर वाईट नव्हते हो. आमच्या शाळेचं नाव कुठेतरी यावं म्हणून त्यांचा जीव तुटायचा. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात आमचा ज्वालामुखी पेटलाच नाही, ते त्यांच्या अजून मनात होतं. "आठ शाळांतली आपली एकटीचीच फाइल परत आली तर? मला रत्नागिरीत तोंड दाखवायला जागा राहील?"

"संध्याकाळपर्यंत द्या सर. चूक कुठे झाली ते मी शोधते."

"सहाला मी कुलूप लावणार. तोवर काय शोधायचं ते शोध. नाहीतर मी सांगतो तसं."

सर गेले. खोलीत आम्ही तिघंच उरलो.

"तीन महिने उडवायचे म्हणजे सगळं थोडंच उडतंय?" प्रणित म्हणाला. "उडव गो. मला कबड्डीला जायचंय."

"थांब. मला आधी तारखा बघू दे." कुठे पुनव चुकली का, पाणी उतरायच्या आधीच मोजलं का, ते मला पाहायचं होतं. कच्ची फाइल उघडली. तारखेप्रमाणे ओळी लावायला गेले, आणि घाईत शेजारच्या रकान्यावर टिचकी पडली. सगळ्या ओळी धडाधड वरखाली झाल्या.

"आई गं! गेलं सगळं!"

"काय केलंस?" शगुफ्ता धावत आली.

काही गेलं नव्हतं. तारखांऐवजी 'कोणी मोजलं' या रकान्याप्रमाणे ओळी लागल्या होत्या, एवढंच. मी पूर्ववत करायला बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. वर प्रणितच्या ओळी, खाली शगुफ्ताच्या. प्रणितचे खाडीच्या मुखाजवळचे आकडे: चारच्या आसपास, सगळे. शगुफ्ताचे: पाचच्या आसपास, सगळे. जेटीपाशी तेच. तिवरांच्या वळणाशी तेच. पाचही जागी तेच.

"नोव्हेंबर, जानेवारी, मार्च," मी हळूच म्हणाले. "प्रणितच्या कबड्डीच्या मॅचेस होत्या ते महिने. तेव्हा शगुफ्ताने मोजलं."

मग प्रणितने तोंड उघडलं, जे त्याने उघडायला नको होतं.

"म्हणजे हिलाच मोजता येत नाय!"

"काय म्हणालास?" शगुफ्ता.

"मी काय म्हणतोय? कॉम्प्युटर म्हणतोय."

"तुझ्या कॉम्प्युटरला घाल चुलीत! अरे, माझ्या म्हाताऱ्या नान्याने मला दोरी धरायला शिकवली तेव्हा तू चड्डीत मुतत होतास!"

"पाच वाव पाणी मुखाजवळ? मला तिथे दर वेळी चारच लागतं गो!"

"मी मोजलं तेवढं सांगितलं. खोटं बोलले नाय मी!" तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला ती आणखी ओरडत होती. मग माझ्याकडे वळली. "तुलापण तसंच वाटतं? सर काढणार ते सगळे आकडे माझेच आहेत ना? सांग ना!"

खरंच, तिचेच होते. सगळेच्या सगळे. वर्षभरातल्या तिच्या प्रत्येक फेरीचा अन् प्रत्येक जागेचा आकडा त्या तीन महिन्यांत होता. सरांची 'दुरुस्ती' झाली, की शगुफ्ता होडेकर या प्रकल्पात कधी होतीच नाही असं होणार होतं. आणि ते करणार होतं माझं बोट.

"ऊठ," शगुफ्ता प्रणितला म्हणाली. "चल बाहेर. आता मोजूया. दोघांनी. एकच गोष्ट. बघूच कुणाला येत नाय ते."

प्रयोगशाळेच्या कपाटात आमची दोरी होती, टोकाला शिशाचा गोळा बांधलेली. सरांनी सुरुवातीला कापडी टेप दिली होती, ती पहिल्याच फेरीत खडकाला अडकून फाटली. तेव्हा प्रणित म्हणाला होता, टेप कशाला हवी, वाव मोजतो की. आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे दर्या असाच मोजतात. गोळा तळाला टेकला, की दोरी वर ओढत दोन्ही हात पसरायचे. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. परत पसरायचे, दोन वाव. सगळी वाडी डोळे मिटून मोजते. एक वाव म्हणजे सहा फूट, हे तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मीही पक्क्या फाइलमध्ये प्रत्येक आकडा सहा फुटांचा धरूनच मीटरमध्ये आणला होता.

शाळेच्या व्हरांड्यात शगुफ्ताने गोळा एका टोकाच्या खांबाशी ठेवला आणि दोरी दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत ताणली. "समिधा, तू मोजायचं. याच्यावर माझा भरवसा नाय."

प्रणितने हात पसरले. एक. दोन. तीन... हातातून दोरी सरसर सरकत होती. दहा वाव झाली आणि खांब आला.

"दहा!" तो म्हणाला. "आता तू."

शगुफ्ताने पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली. एक. दोन. ती खरंच सुरेख मोजते, एकही झोल नाही, दोरी तारेसारखी ताठ. नऊ. दहा. आणि खांब अजून लांब होता. अकरा. बारा. वर अर्धी.

साडेबारा.

"बघ! बघ!" प्रणित नाचायला लागला. "तोच व्हरांडा! साडेबारा म्हणे!"

"तू नीट हात पसरले नसशील!"

"मी? हे बघ, एवढे पसरले!" आणि त्याने दोन्ही हात ताणून दाखवले.

"मग मीपण एवढे पसरले!" आणि तिनेही ताणून दाखवले.

दोघं एकमेकांसमोर उभी होती, नाकाला नाक लावून, हात पंखांसारखे पसरून. त्याच्या हातांच्या आत तिचे हात. दोन्ही बाजूंनी वीत-वीतभर आत.

मी जी किंचाळले! शेजारच्या वर्गातली मुलं बाहेर आली.

"हलू नका! दोघंही हलू नका! असेच राहा!"

"काय झालं?" प्रणित घाबरला. "पाल आहे का?"

"अरे मूर्खांनो, हात बघा! स्वतःचे हात बघा!"

त्यांनी पाहिले. आधी शगुफ्ताला कळलं. तिने प्रणितच्या हाताच्या टोकाकडे पाहिलं, आपल्या टोकाकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. इतकी हसली, की व्हरांड्यातच फतकल मारून बसली.

"या माकडाची वाव मोठी आणि माझी लहान," ती म्हणाली. "म्हणून माझ्या जास्त भरतात! या अल्ला! अख्खं वर्ष!"

"पण वाव म्हणजे तर सहा फूट..." प्रणित म्हणाला.

"मोठ्या माणसाची रे!" मी म्हणाले. "तुझ्या काकाची. आपण तिघंही माणसं नाहीच अजून!"

मग काय! सरांची लाकडी मीटरपट्टी आणली. दोघांना आळीपाळीने भिंतीला चिकटवलं, हात पसरवले, बोटांच्या टोकांशी खडूच्या खुणा केल्या. प्रणितचे एक मीटर बहात्तर. शगुफ्ताचे एक मीटर अडतीस. मी कॉम्प्युटरवर धावले. कच्ची फाइल तशीच ठेवली. नवीन पक्की फाइल उघडली, प्रत्येक आकड्याला ज्याची वाव त्याच्या हातांनी गुणलं. आणि रेघ काढायला सांगितली.

कंगवा गेला होता. एक शहाणी, सावकाश उतरणारी रेघ आली. आमची खाडी भरत होती. शगुफ्ताच्या आकड्यांतही, प्रणितच्या आकड्यांतही. दोघांचे आकडे एकमेकांचा हात धरून चालत होते.

शगुफ्ता पडद्याला नाक लावून पाहत राहिली. "हा ठिपका माझा?"

"तुझा."

"आणि हा?"

"तोपण."

सर कुलूप घेऊन आले तेव्हा आम्ही तिघंही एकदम बोलत होतो. त्यांना काहीच कळेना. शेवटी प्रणितने त्यांनाच हात पसरायला लावले. सरांनी रेघ पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"शाब्बास!" ते म्हणाले. "काय देखणी रेघ आहे! आता असं कर, उद्या फक्त हीच दाखवायची. वाव, हात, ते सगळं कशाला सांगायचं? हसतील आपल्याला. सरळ मीटर. आणि ती कच्ची..."

"सर, कच्ची राहू दे."

"समिधा, एक वर्ष पोरांनी हाताने मोजलं, हे कळलं तर त्या फाइल बघणारसुद्धा नाहीत."

मी कॉम्प्युटर बंद केला. कच्ची फाइल उडवली नाही.

दुसऱ्या दिवशी किणीकर मॅडम स्कूटरवरून आल्या, पायात रबरी चपला, डिकीत चिखलाने भरलेल्या बरण्या. मला वाटलं होतं, कडक इस्त्रीची साडी वगैरे असेल. त्या आल्या आल्या म्हणाल्या, "आधी पाणी, मग खाडी." आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

सरांनी मोठ्या झोकात पक्की फाइल उघडली. मॅडमनी रेघ पाहिली. आकडे पाहिले. "छान आहे," म्हणाल्या. "फारच छान आहे." आणि त्यांचा आवाज का कोण जाणे थोडा पडला. "बरं, पाठवून द्या."

त्या उठायला लागल्या. बस्स? वर्षभराचं एवढंच? सर पाठीमागून डोळ्यांनी मला सांगत होते, गप्प राहा. शगुफ्ता दाराशी उभी होती. फक्त पक्की फाइल गेली, तर आकडे जातील, पण हे आकडे कसे आले ते कुणालाच कधी कळणार नाही. उद्या कुणाला शंका आली, तर कुठला ठेवायचा आणि कुठला टाकायचा? सगळाच टाकतील.

"मॅडम, थांबा!" हा आवाज माझाच होता आणि या वेळी तो शेवटच्या बाकापर्यंत गेला. "आमची चूक झाली होती. ती बघून जा."

सरांनी डोळे मिटले.

मी कच्ची फाइल उघडली. सगळं सांगितलं. टेप फाटली ते, वाव, प्रणितची कबड्डी, व्हरांडा, दहा आणि साडेबारा, खडूच्या खुणा. बोलता बोलता मला भीती वाटायची थांबली. मॅडम परत खाली बसल्या होत्या. त्यांनी पर्स बाजूला ठेवली होती.

"हात कधी मोजलेस?" त्यांनी विचारलं.

"काल."

"प्रणित कोण? तू? सप्टेंबरात एवढाच होतास?"

"नाय मॅडम," प्रणित अभिमानाने म्हणाला. "या वर्षात माझ्या तीन पँटी आखूड झाल्या."

सगळे हसले. मी नाही. माझ्या पायाखालून जेटी सरकली. सप्टेंबरात त्याचे हात आखूड होते! म्हणजे त्याची तेव्हाची एक वाव एक बहात्तर नव्हतीच. म्हणजे माझी शहाणी रेघसुद्धा...

"मग?" मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. त्या ओरडत नव्हत्या. वाट पाहत होत्या.

"मग... सप्टेंबरात खाडी आम्ही दाखवलीय तेवढी खोल नसणार. म्हणजे ती जेवढी भरली असं आम्ही म्हणतोय, तेवढी कदाचित भरलेली नाही." सरांकडे मी बघितलंच नाही. "किती फरक ते मला सांगता येणार नाही. प्रणितचे तेव्हाचे हात कुणी मोजले नाहीत. पण कुठल्या आकड्यांत हा फरक आहे ते सांगता येतं. सगळ्या प्रणितच्या ओळी. सुरुवातीच्या जास्त, शेवटच्या कमी."

"आणि माझ्या?" शगुफ्ता दारातून म्हणाली.

"तू पाचवीपासून तेवढीच आहेस," प्रणित म्हणाला.

"मीपण वाढलेय!"

"तिच्यापण," मी घाईघाईने म्हणाले. "तिच्यापण थोड्या. ते मी फाइलमध्ये लिहून ठेवते."

मॅडमनी माझ्या हातातला माउस घेतला. कच्ची फाइल वरपासून खालपर्यंत सरकवत गेल्या, सावकाश, एकेक ओळ. मग म्हणाल्या:

"मी सात शाळा करून आलेय. सातही फाइली तुमच्या त्या पक्क्या फाइलसारख्या. गुळगुळीत. कुणी मोजलं, कशाने मोजलं, काही पत्ता नाही. त्यांच्यात एकही चूक मला सापडत नाही." त्या सरांकडे वळल्या. "म्हणजे चुका नाहीत असं नाही हो सर. सापडत नाहीत. ही पहिली फाइल आहे, जिच्यात चूक कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवता येतंय. हिच्यावर मी काम करू शकते."

"तेच!" आठल्ये सर म्हणाले. "तेच मी पहिल्यापासून मुलांना सांगत होतो!"

प्रणितला ठसका लागला.

आमची फाइल कोठारात गेली. कच्ची आणि पक्की, दोन्ही. सोबत एक पान, 'आम्ही कसं मोजलं' असं. ते मी लिहिलं, मराठीत, वाव म्हणजे काय इथपासून. तीन पँटींचंही लिहिलं. मॅडम म्हणाल्या, एक शब्द काढू नकोस. बाकीच्या सात शाळांना त्यांनी पत्र पाठवलं, की कोंडखोलसारखे रकाने करून परत पाठवा. वर आमची नावं: मोजणी, प्रणित भाटकर, शगुफ्ता होडेकर. माहिती सांभाळणारी, समिधा पालशेतकर. शगुफ्ताच्या नान्याने, म्हणजे आजोबाने, ते पान छापून घेतलं आणि आल्यागेल्याला दाखवत बसला. वाडीत दोन दिवस ज्याला त्याला भिंतीला उभं करून आम्ही हात मोजले. पप्पांची वाव अगदी सहा फूट निघाली आणि ते असे खूश झाले, जसं काही त्यांनीच ती वाढवली होती.

मग सुट्टी लागली. एका दुपारी मी आईबरोबर चटयांवरची मासळी उलटत होते, तर पप्पांचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. मुलीचा आवाज, माझ्याएवढीच असावी.

"समिधा पालशेतकर आहे का? मी ऋजुता. अलिबागकडून बोलतेय. आमच्या शाळेनेही खाडी मोजायला घेतलीय. तुमची फाइल उतरवून घेतली. नंबर किणीकर मॅडमनी दिला." मग ती अडखळली. "एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार ना."

"फेब्रुवारीत मुखाजवळचा आणि जेटीजवळचा आकडा... अदलाबदल झालेत का? त्याआधीच्या सगळ्या महिन्यांत मुखाजवळ पाणी जास्त आहे. त्याच महिन्यात उलटं कसं?"

मी पप्पांच्याच मोबाइलवर, बोलता बोलता, मेलमधली फाइल उघडली. मासळीच्या हातांनी. फेब्रुवारी. मुख. जेटी. उलटे! माझ्याच हातून, त्या संध्याकाळी, खालीवर पडलेले. इतक्या वेळा पाहून मला दिसले नव्हते. सरांना दिसले नव्हते. किणीकर मॅडमना दिसले नव्हते.

"आई!" मी जी ओरडले, छपरावरचे कावळे उडाले. "आई, माझ्या फाइलमध्ये चूक सापडली!"

"मग नाचतंस काय?" आई म्हणाली. "आणि त्या चटईवरून उतर आधी!"

"अगं, अलिबागच्या मुलीला सापडली! तिने वाचली गो! एकेक ओळ वाचली!"

"हॅलो?" मोबाइलमधून घाबरलेला आवाज आला. "सॉरी हां. मला वाटलं, सांगावं."

"सॉरी काय! ऋजुता, ऐक, तू कुठपर्यंत वाचलीस?"

"फेब्रुवारीपर्यंत."

"मग मार्च आणि एप्रिल राहिलेत," मी म्हणाले. "वाच ना. आणखी शोध!"